चौथ्या भांड्याचं बारसं

आमच्या प्रयोगशाळेत सहा पोटं आहेत, काचेची. लुहेंदे प्रत्येक नव्या माणसाला हे असंच सांगतो आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसतो. तसं ते खोटंही नाही. गोळीत औषध किती आहे ते मोजणं सोपं असतं. पण ती गोळी माणसाच्या पोटात गेल्यावर वेळेत विरघळते, की खड्यासारखी तशीच पडून राहते, ते बघायला ही भांडी लागतात. गोल बुडाची सहा भांडी गरम पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बुडवून ठेवलेली असतात. टाकीचं पाणी माणसाच्या अंगाइतकं गरम, सदतीस अंश. वरून प्रत्येक भांड्यात एक दांडा उतरतो आणि दांड्याच्या टोकाला छोटं वल्हं असतं. सहा भांड्यांत सहा गोळ्या सोडायच्या, वल्ही संथ फिरू लागतात, आणि मधूनमधून सिरिंजने थोडं पाणी काढून त्यात किती औषध उतरलंय ते मोजायचं. सहाही भांड्यांची उत्तरं सारखी यायला हवीत. आली नाहीत तर बॅच अडकते, आणि इथे, टांझानियातल्या म्वान्झात, एक बॅच अडकली की सरोवरापलीकडच्या बेटांपर्यंत दवाखान्यांची कपाटं रिकामी होतात.

माझी टेबलाची जागा खिडकीशी आहे. खाली सरोवर, त्यात एकमेकांवर रचल्यासारखे धोंडे, आणि छपरावर माराबू पक्षी म्हाताऱ्या कारकुनांसारखे मान खाली घालून उभे. मला ते काम आवडायचं. त्यात वाद नव्हता. जे औषध गोळीत होतं ते पाण्यात आलंच पाहिजे. कुठेतरी असलंच पाहिजे.

मलिमीच्या वेळी मी दिवस भरत आले तरी कामावर जात होते. मी रजेवर गेले त्याच आठवड्यात चौथं भांडं धुताना लुहेंदेच्या हातून फुटलं. नवं भांडं ज्या सकाळी पोचलं, त्याच सकाळी मलिमी झाला. निरोप आणि खोकं एकदमच दारात आले म्हणे. लुहेंदेला तेवढं पुरलं. काचेवर क्रमांक कोरायची जी हिऱ्याच्या टोकाची पेन्सिल असते, तिने त्याने भांड्याच्या काठावर चार लिहिलं आणि खाली माझ्या पोराचं नाव. सगळ्यांनी तळलेल्या गोड मंदाझी खाल्ल्या, सोड्याच्या बाटल्या फोडल्या, भांड्याला कापडात गुंडाळून एकेकाच्या मांडीवर दिलं. आमच्या कोकुहिर्वाबाई, ज्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आहेत आणि ज्यांना हसताना पाहिलेला माणूस शोधावा लागेल, त्यांनीसुद्धा म्हणे ते धरलं.

मी परत आले तेव्हा लुहेंदेने मला टाकीपाशी नेलं. "हा घे तुझा दुसरा. रडत नाही, दूध मागत नाही. पहिल्यापेक्षा गुणी आहे."

मी हसले. काठावरून बोट फिरवलं. अक्षरं बोटाला लागत होती.

आमच्याकडे बाई आई झाली की तिचं नाव मागे पडतं. माझं नाव म्बुके; ते आता फक्त माझा नवरा घेतो, आणि तो खाणीवर असतो, पाळी संपली की येतो. बाकी सगळ्यांसाठी मी लिमीची आई. तेव्हा माझ्या कामाच्या जागी माझ्या पोराचं नाव ऐकू येणं यात मला वावगं काही वाटलं नाही. "चौथ्याचं पाणी काढलंस का?" असं कुणी विचारत नसे. "मलिमीचं काढलंस का?" असंच विचारत.

पहिली गडबड तापाच्या साध्या गोळ्यांवर झाली. पाच भांडी चोख होती, चौथ्यात औषध निम्मंच. असं होतं कधीकधी. वल्हं जरा वर राहतं, बुडबुडा अडकतो. आम्ही पुन्हा केलं. पुन्हा तेच. लुहेंदेने चौथं भांडं काढून दुसऱ्याच्या जागी बसवलं आणि दुसरं चौथ्याच्या. कमतरता भांड्याबरोबर सरकली. तळाशी गोळीचा कण उरलेला नव्हता. काचेला काही चिकटलेलं नव्हतं. आम्ही भांडं स्पिरिटने विसळून ते पाणीही तपासलं. गोळीतून औषध निघालं होतं आणि कुठेही पोचलं नव्हतं.

"भांडं पितं की काय?" कोकुबाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"वाढतं वय आहे, बाई," लुहेंदे म्हणाला.

त्या दिवशी मलिमीला लस टोचल्याचा ताप होता. मी त्याला फणफणलेलाच शेजारच्या न्यामिझीमावशीकडे ठेवून आले होते. दिवसा तेच त्याचं घर. संध्याकाळी पाहिलं तर तो तिच्या अंगणात वाळत घातलेले दागा मासे मुठीने उडवत होता, अंग गार. मी विचारलं, मावशी, काय दिलंस. ती उखडली. म्हणाली, "मी देणारी कोण बाई? औषधाच्या शाळेत तू जातेस." 

दोन गोष्टी मी जोडल्या नाहीत. का जोडाव्यात?

मग क्षयाच्या गोळ्या आल्या. त्यांची चाचणी बघायला मला आवडतं, कारण त्यात रंग असतो. गोळी पाण्यात पडली की आधी एक नारिंगी धागा सुटतो, वल्ह्याभोवती गिरकी घेतो, आणि बघता बघता सगळं भांडं पिकल्या पपईच्या रंगाचं होतं. त्या सकाळी पाच भांडी तशी झाली. चौथ्यात धागा सुटला, वल्ह्याभोवती फिरला, आणि अर्ध्या वाटेवर पुसट होत गेला. गोळी फुगली, फुटली, तिचा चुरा फिरला, चुरा नाहीसा झाला. पाणी स्वच्छ. त्या भांड्याच्या आरपार मला पलीकडचं नारिंगी भांडं दिसत होतं.

लुहेंदेने या वेळी विनोद केला नाही. त्याने टाकीचा दिवा लावला, बंद केला, पुन्हा लावला.

घरी आले. न्यामिझीमावशी दारातच उभी होती, हातात मलिमीचं लंगोट. तिने ते माझ्यापुढे उलगडलं. त्यावरचा डाग पपईच्या रंगाचा होता.

"रक्त नाही," ती म्हणाली. "मी वास घेऊन पाहिला. पण हे काय आहे ते तू सांग."

मला माहीत होतं ते काय आहे. हे औषध घेणाऱ्या प्रत्येक माणसाची लघवी अशीच होते. आम्ही शिकताना पहिल्या वर्षी ते शिकतो. मी लंगोट हातात धरून उभी राहिले आणि माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते मी तिथेच दाबलं. मग मी नीट विचार केला. माझे हात. माझा कोट. गोळ्यांची पूड केसांत बसते. मी घरी येते, त्याला छातीशी घेते, तो माझी बोटं चोखतो. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, जरा रागावूनच. मला एवढं बरं वाटलं की रस्त्यात मी त्याच्या टाळूचे दोनदा मुके घेतले. चूक माझी होती. म्हणजे ती सुधारता येणार होती.

त्यानंतर मी कामावरच अंघोळ करून निघू लागले. कोट तिथेच. नखं मुळापासून कापली. घरी आल्यावर न्यामिझीमावशी माझ्या हातांवर पाणी घालायची आणि तोंडाने चालू असायचं, पोराला घेताना एवढे सोपस्कार, उद्या नवरा आला की त्याला काय उकळून घेणार आहेस?

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. डाग पडला होता दुपारी. मी घरी पोचले संध्याकाळी. आणि सकाळी निघताना मी त्या गोळ्यांना हातही लावला नव्हता.

मला शिकवलंय की शंका असेल तर पारख अशी करावी की पारखणाऱ्यालाही उत्तर आधी कळू नये. मी लुहेंदेला बाजूला घेतलं. त्याच्या हातात जीवनसत्त्वाच्या काही गोळ्या दिल्या. त्या निरुपद्रवी असतात, पण लघवी हळदीसारखी पिवळीधमक करतात. म्हटलं, यातली एक चौथ्या भांड्यात टाक. कधी ते तू ठरव. मला सांगू नकोस.

"कशासाठी?"

"भांडं तपासायचंय."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग गोळ्या वरच्या खिशात टाकल्या.

दिवस जात राहिले. मी रोज संध्याकाळी मावशीच्या दोरीवरची लंगोटं बघायची, आणि ती पांढरी बघून स्वतःवर हसायची. रक्तदाबाच्या गोळ्या झाल्या, जंताच्या झाल्या; ते दिवसही निघाले, जरी एका दुपारी मलिमी गुंगल्यासारखा पडून होता आणि एका दुपारी त्याच्या पोटात कळा आल्या. पोरांना होतं असं.

मग एका गुरुवारी मावशीने फोनच केला. हसत होती. म्हणाली, "तुझ्या लेकाने आज माझं अंगण सारवलंय. हळद खाल्ली का गं यानं?"

मी फोन ठेवला आणि लुहेंदेच्या टेबलापाशी गेले. तो मक्याच्या पिठाची उगाली खात होता, मासा सोलत होता.

"आज?" मी विचारलं.

त्याचा हात ताटावर थांबला. "सकाळी. तुला कुणी सांगितलं?"

मग मी त्याला सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं, मी त्याच आशेवर सांगितलं. तो हसला नाही. हात धुऊन आला, बसला, पुन्हा उठून हात धुऊन आला.

"मी नाव पुसून टाकतो," तो म्हणाला.

"कोरलेलं आहे, लुहेंदे."

"हो. कोरलेलं आहे."

भांडं बाजूला काढायचं, हे आम्हा दोघांनाही एकदमच सुचलं. त्याने ते टाकीतून अलगद उचललं, पुसलं, आणि माझ्या टेबलावर खिडकीशी ठेवलं. सरोवरावरून वारा येत होता. काच गार होत गेली. मी तळव्याने बघत होते. थोड्या वेळाने पुन्हा मावशीचा फोन. या वेळी ती हसत नव्हती. पोर गार लागतंय म्हणाली, बाहेर एवढं ऊन आणि हे सरोवरातून काढलेल्या माशासारखं गार, दोन सुती खांग्यांत गुंडाळलंय तरी ऊब धरत नाही.

मी फोन कानाला धरूनच भांडं उचललं आणि टाकीत सोडलं.

"आता?" मी विचारलं.

"थांब जरा," ती म्हणाली. मग कापड उलगडल्याची सळसळ. "आता येतीय ऊब. तू 'आता' का म्हणालीस?"

कोकुबाईंना मी एवढंच सांगितलं की चौथं भांडं बिघडलंय. त्यांनी स्वतः खाली वाकून त्याचं माप घेतलं: उंची, गोलाई, वल्ह्यापासूनचं अंतर. सगळं चोख. म्हणाल्या, "भांड्यात दोष नाही. तुमच्या हातात असेल. पोर लहान आहे, झोप होत नाही, मला दिसतंय. रजा हवी तर घे. पण भांड्याला नाव ठेवू नकोस."

मला त्यांना म्हणावंसं वाटलं की नाव ठेवलंय तेच तर चुकलंय. म्हटलं नाही. सुटी भांडी मागवलेली होती, पण ती दार एस सलामच्या बंदरात अडकली होती. तोवर हीच सहा.

तेव्हा मी आणि लुहेंदेने आपसांत एक पद्धत पाडली. चौथ्यात नुसतं पाणी ठेवायचं, कोमट, स्वच्छ. पाच गोळ्या पाच भांड्यांत, आणि सहावी नंतर पुन्हा दुसऱ्या भांड्यात. वेळ दुप्पट लागायचा, पण उत्तर खरं यायचं. खोटा आकडा आम्ही एकदाही लिहिला नाही. भांडं धुतानाही लुहेंदे गरम पाणी आधी मनगटावर घेऊन बघायचा. मी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं.

आणि मलिमी बरा होता. बसू लागला, रांगू लागला. लुहेंदे मधूनच विचारायचा, आज काय नवीन? मी सांगायची, दात दिसतोय. तो टाकीकडे एक नजर टाकायचा. मी पण.

खरं सांगायचं तर मला काय वाटत होतं ते मला सांगता येत नाही. माझा विश्वास बसला होता असं नाही. पटत नव्हतं, पण हात तसेच चालत होते, जशी आपण झोपलेल्या पोराजवळून पावलं आपोआप हळू टाकतो. मी परत परत हिशेब मांडायची. गोळीतून निघालं, पाण्यात नाही, काचेवर नाही. कुठेतरी असलंच पाहिजे. हिशेब तिथेच येऊन थांबायचा, आणि मी उठून भांडी घासायला लागायची.

त्या दिवशी मी घरी होते. न्यामिझीमावशी मागू गावाला कुणाच्या मयतीला गेली होती, म्हणून मी रजा टाकली. सकाळपासून सरोवरावर चिलटांचे खांब उठले होते, धुरासारखे, आणि वाऱ्याबरोबर आमच्या टेकडीकडे सरकत होते. मी खिडक्या लावून घेतल्या. चुलीवर उजी ठेवली, पिठाची पातळ पेज, त्याच्यासाठी. मलिमी चटईवर बसून डब्यांची झाकणं एकमेकांवर आपटत होता आणि प्रत्येक आवाजाला स्वतःच दचकून हसत होता.

आवाज थांबला.

पोरं गप्प झाली की काहीतरी तोंडात घातलेलं असतं. मी हसतच वळले. तो बसल्या जागी एका बाजूला कलला होता. हातात झाकण होतं, पण बोटांत धरलेलं नव्हतं, नुसतं टेकलेलं. कपाळावर घामाचे थेंब. ओठ राखेसारखे. मी उचलला तर मान मागे गेली.

"लिमी," मी म्हटलं. "लिमी, इकडे बघ."

डोळे उघडे होते. थरथर होती, बारीक, पापण्यांत आणि हनुवटीत.

मी साखर बोटावर घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळली. ती तिथेच राहिली. साखरेचं पाणी घातलं, ते ओठांच्या कडेने माझ्या मनगटावर ओघळलं. तो गिळत नव्हता. घामाने त्याचं झबलं माझ्या हाताला चिकटलं होतं. घाम, थरथर, गार अंग. हे कशाने होतं ते मी ओळखते. साखर उतरल्याने होतं. आणि कपाटात कुठल्या गोळ्या चाचणीची वाट बघत होत्या तेही मला ठाऊक होतं.

लुहेंदेला फोन लावला.

तो म्हणाला, आत्ताच चहा पिऊन वर येतोय, का गं?

"टाकी चालू आहे का?"

त्याची पावलं ऐकू आली. मग थांबली.

"चालू आहे," तो म्हणाला. "बाईंनी लावलंय. दवाखान्याची माणसं आलीत, त्यांना घेऊन खाली बसल्यात." त्याचा आवाज खाली गेला. "मधुमेहाच्या आहेत."

"चौथ्यात?"

"सहाही."

"काढ ती."

"विरघळली, लिमीच्या आई. काही राहिलं नाही."

मलिमीचे डोळे वर सरकले. पांढरं दिसू लागलं.

"चहाची साखर आण," मी म्हटलं. "त्याच्यात घाल."

आमच्या कामात चालू चाचणीच्या भांड्यात कुणी फुंकरसुद्धा मारत नाही. मला डब्याचं झाकण ऐकू आलं. मग चमचा काचेच्या काठाला लागल्याचा आवाज.

"किती?"

"घालत राहा."

चमचा वाजला. पुन्हा वाजला. त्यामागे यंत्राचा आवाज येत होता. वल्ही फिरतात तेव्हा त्याच्या जुन्या गिअरमध्ये एक बारीक टक् टक् होते, ती आम्हाला इतकी सवयीची आहे की एरवी ऐकूही येत नाही.

मलिमीच्या हातातलं झाकण हललं.

बोटं मिटली. ओठांवर रंग आला, कडेकडून आत. त्याने चेहरा वाकडा केला, माझ्याकडे अपराध केल्यासारखं बघितलं, आणि रडला. एवढ्या मोठ्यांदा रडला की भिंतीपलीकडून कुणीतरी विचारलं, काय झालं. मी काही नाही म्हटलं. मी खाली चटईवरच बसले, पदरासारखा खांगा बाजूला केला आणि त्याला पाजायला घेतलं. तो अधाशासारखा प्यायला लागला. फोन जमिनीवर होता, चालूच.

"लुहेंदे," मी म्हटलं. "पितोय. पितोय तो."

तिकडे चमचा थांबला होता.

"लुहेंदे?"

"हो," तो म्हणाला. "मला दिसतंय."

"काय दिसतंय?"

"चौथ्यातलं पाणी पांढरं होतंय." तो फार हळू बोलत होता, शेजारी कुणी झोपलं असावं तसा. "वरून नाही. तळाकडून येतंय. एक धागा, मग अजून."

मलिमी पीत होता. त्याचा चिमुकला हात माझ्या छातीवर होता.

"वेळ संपत आलीय," लुहेंदे म्हणाला. "आत्ता वल्ही आपोआप थांबतील. थांबू देऊ?"

प्रत्येक चाचणीनंतर ती थांबत आली होती. रोज थांबत होती, आणि कधी काही झालं नव्हतं. हे मला माहीत होतं, मी ते मनाशी स्पष्ट म्हटलंसुद्धा. मी त्याच्या पाठीवर तळवा ठेवला. फोनमधून टक् टक् येत होती. तळव्याखालीही येत होती. मी दोन्हींतलं अंतर शोधत राहिले. नक्कीच असणार, पोराचं काळीज केवढं भरभर चालतं.

मला अंतर सापडलं नाही.

"नको," मी म्हटलं. "थांबू देऊ नकोस."

ती थांबलेली नाहीत. बंदरातली खोकी नंतर सुटली, त्यांच्याबरोबर नवं यंत्रही आलं, आणि जुनं आम्ही मागच्या खोलीत हलवलं. हलवताना मोठी बॅटरी लावली होती, लुहेंदे पूर्ण वेळ दांडा धरून चालत होता. मोटर किती टिकते ते बघतोय, असं त्याने बाईंना सांगितलं. बाईंनी मान हलवली. पण परवा मी मागे गेले तर त्या तिथे एकट्या उभ्या होत्या, किटलीतून टाकीत थोडं थोडं पाणी घालत होत्या, आणि त्याआधी त्यांनी त्यातले थेंब आपल्या मनगटावर घेतले. नवऱ्याला मी अजून सांगितलेलं नाही. काय सांगू?

मलिमी आता उभा राहतो. दुडक्या चालीने मावशीच्या अंगणापर्यंत जातो आणि तिच्या कोंबड्यांना माझ्या आवाजात रागावतो. त्याला काही होत नाही, खोकलासुद्धा नाही.

काल दुपारी मी त्याला टाळ्या शिकवत होते. मावशीच्या घरी रेडिओवर गाणं लागलं होतं आणि तो माझ्यासमोर बसून त्या तालावर टाळ्या वाजवत होता, चुकत, हसत, प्रत्येक टाळीनंतर माझ्याकडे बघत.

वीज गेली. रेडिओ बंद पडला.

त्याचे हात एकमेकांपासून ओंजळभर अंतरावर होते. तिथेच राहिले. हसू तोंडावर होतं तसंच. एक चिलट येऊन त्याच्या उघड्या डोळ्याच्या कडेला बसलं आणि चालत गेलं.

मी त्याला हात लावला नाही. मला वाटलं, लावला तर.

मग टाळी वाजली. तो पुढची वाजवायला लागला, आणि गाणं का थांबलं म्हणून त्याने मावशीच्या दाराकडे बघितलं. तिचा रेडिओ अजून बंदच होता.

माझ्या फोनवर लुहेंदेचा निरोप आला. जनरेटर लागला.